ग्राहक संरक्षण कायद्यांची अंमलबजावणी आणि स्वयंसेवी ग्राहक संघटना

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्राहकाला राजा म्हणण्याची पद्धत जुनी आहे. अनेक दुकानांच्या भिंतींवर तसे फलकही लावलेले असतात. परंतु या राजाने पावती मागितली की ‘पावती घेतली तर कर वेगळा पडेल’ असे उत्तर त्याला मिळते. सदोष वस्तू घेऊन तो परत आला तर त्याच भिंतीवरील दुसरा फलक त्याला दाखविला जातो : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ वास्तविक या दोन्ही गोष्टी बेकायदेशीर आहेत. पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. तरीही तो फलक भिंतीवर राहतो. कायदा आहे, तो मोडला जात असल्याचे सर्वांना दिसते आहे, आणि तरीही काही घडत नाही. असे का होते, आणि ही स्थिती बदलण्यात स्वयंसेवी ग्राहक संघटनांचा वाटा कोणता, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

कायद्यांची उणीव नाही

भारतात ग्राहकाच्या हिताचे कायदे थोडे नाहीत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ मध्ये झाला आणि पुढे त्याची जागा अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ याने घेतली. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा १९५५ चा आहे. वजनमापांविषयीचा १९७६ चा कायदा जाऊन २००९ चा वैधमापनशास्त्र कायदा आला. या सर्वांच्या जोडीला २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला आणि सामान्य माणसाला दिवाणी न्यायालयाचा लांबचा व खर्चाचा मार्ग टाळून दाद मागण्याची सोय झाली. त्याची जागा घेणारा २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला.

मात्र कायदा असणे आणि त्याने संरक्षण मिळणे यांत केवढे अंतर असते, हे महाराष्ट्राने १९८६ च्या आरंभी पाहिले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये विषारी द्रव्य मिसळलेले होते आणि त्यामुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्या वेळी औषधांचा कायदा होऊन साडेचार दशके लोटली होती. निरीक्षक होते, प्रयोगशाळा होत्या, परवान्याची पद्धत होती. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने या यंत्रणेतील दोष उघड केले. केवळ सरकारी यंत्रणेवर विसंबून कायदा राबविला जात नाही, हा त्या घटनेचा कटू धडा होता. त्याच वर्षी, म्हणजे १९८६ मध्ये, संसदेने औषधे, अन्नभेसळ आणि जीवनावश्यक वस्तू यांविषयीच्या कायद्यांत दुरुस्त्या करून मान्यताप्राप्त ग्राहक संघटनांना अधिकार दिले, ही बाब म्हणून महत्त्वाची ठरते.

तक्रार का होत नाही?

बहुतेक ग्राहकविषयक कायदे तक्रारीवाचून हलत नाहीत आणि एकटा ग्राहक सहसा तक्रार करीत नाही. यामागे साधा हिशेब आहे. समजा, एक किलोच्या पुड्यात २० ग्रॅम डाळ कमी भरली आहे. डाळीचा भाव किलोस १०० रुपये असेल तर ग्राहकाचे नुकसान २ रुपयांचे होते. २ रुपयांसाठी अर्ध्या दिवसाची रजा काढून वैधमापनशास्त्र कार्यालयात कोणी जात नाही, आणि न जाणे हे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच असते. परंतु असे एक लाख पुडे विकले गेले तर विक्रेत्याला २ लाख रुपयांचा अवैध लाभ होतो. हानी लाख घरांत वाटली गेल्यामुळे कोणालाच ती जाणवत नाही. लाभ एका ठिकाणी साठत असल्यामुळे तो टिकविण्यासाठी मात्र पैसा, वकील आणि वेळ या तिन्ही गोष्टी उपलब्ध असतात.

ही विषमता कायदेमंडळालाही मान्य आहे. सहज ओळख पटविता येणार नाही अशा मोठ्या संख्येच्या ग्राहकांचे नुकसान झाले असेल तर विक्रेत्याला रक्कम भरावयास लावण्याची तरतूद २००२ च्या दुरुस्तीने आली. त्या वेळी किमान मर्यादा सदोष मालाच्या वा सेवेच्या मूल्याच्या ५ टक्के होती. २०१९ च्या कायद्याने ती २५ टक्क्यांवर नेली. पण अशा प्रकरणात पुढे यायचे कोणी? २ रुपये गमावलेला ग्राहक येणार नाही. तेथे लाख घरांच्या वतीने बोलणारी आणि त्यातून स्वतःसाठी काहीच न मागणारी संस्था लागते. स्वयंसेवी ग्राहक संघटनेचे स्थान नेमके येथे आहे.

चळवळीचा उदय

कायदा होण्याच्या कितीतरी आधी या संघटना उभ्या राहिल्या होत्या. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी एकत्र येऊन ‘कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. वस्तूंच्या चाचण्या, भेसळ ओळखण्याची प्रात्यक्षिके आणि ‘कीमत’ हे नियतकालिक यांद्वारे तिने गृहिणींना जागे केले. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. टंचाई आणि महागाईच्या त्या काळात मालाची एकत्र खरेदी करून सभासद कुटुंबांत रास्त दराने वाटप करण्याची तिची पद्धत हजारो मध्यमवर्गीय घरांच्या परिचयाची झाली. वाटपाच्या दिवशी धान्य निवडणाऱ्या, वजन करणाऱ्या आणि हिशेब लिहिणाऱ्या गृहिणींना दर्जा व वजन यांचे जे शिक्षण मिळाले, ते कोणत्याही पुस्तकातून मिळाले नसते.

महाराष्ट्राबाहेरही असे प्रयत्न चालू होते. अहमदाबादेत १९७८ मध्ये मनुभाई शाह यांच्या पुढाकाराने ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’ ही संस्था स्थापन झाली. दिल्लीत एच. डी. शौरी यांनी १९८० मध्ये ‘कॉमन कॉज’ची स्थापना केली. या दोन संस्थांनी न्यायालयीन लढ्यांची परंपरा घातली.

कायद्याने दिलेले अधिकार

या संघटनांना कायद्याने केवळ सल्लागाराची जागा दिलेली नाही, अधिकारही दिले आहेत. सामान्य नागरिकांना आणि कित्येकदा संघटनांच्या कार्यकर्त्यांनाही त्यांची पुरेशी माहिती नसते, म्हणून त्यांतील प्रमुख अधिकार येथे नोंदविणे उचित होईल.

१) ग्राहक आयोगापुढे मान्यताप्राप्त ग्राहक संघटना तक्रार दाखल करू शकते. नुकसान झालेला ग्राहक त्या संघटनेचा सभासद असणे आवश्यक नाही.

२) औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार कोणतीही व्यक्ती वा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना विकत घेतलेले औषध, विहित शुल्क भरून, शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. कलम ३२ नुसार संघटनेला खटलाही दाखल करता येतो.

३) जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखालील गुन्ह्याची दखल न्यायालयाने घ्यावी यासाठी मान्यताप्राप्त ग्राहक संघटना लेखी तक्रार देऊ शकते.

४) स्थावर संपदा (रेरा) कायदा, २०१६ च्या कलम ३१ मध्ये तक्रारदारांत स्वयंसेवी ग्राहक संघटनेचा स्पष्ट उल्लेख आहे.

५) वीज कायदा, २००३ नुसार नियामक आयोग ग्राहकांचे हित मांडण्यासाठी प्रतिनिधी प्राधिकृत करू शकतो. महाराष्ट्रात मुंबई ग्राहक पंचायत आणि पुण्याची ‘प्रयास’ या संस्थांनी दरवाढीच्या प्रस्तावांवर हे काम केले आहे. वीज कंपनीच्या शेकडो पानांच्या हिशेबातील गळती, थकबाकी आणि इंधनखर्च तपासून जनसुनावणीत आक्षेप नोंदविणे एकट्या वीजग्राहकाच्या आवाक्यातले नसते.

६) २०१९ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार ग्राहकवर्गाच्या हिताला बाधक अशी अनुचित प्रथा किंवा फसवी जाहिरात यांविषयीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे पाठविता येते. फसव्या जाहिरातीबद्दल हे प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

येथे ‘स्वयंसेवी’ हा शब्द शोभेसाठी आलेला नाही. बंगळूरच्या शोभा हिबिस्कस काँडोमिनियम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो काटेकोरपणे तपासला. सदनिकाधारकांची जी संस्था कायद्याने बनणे भागच असते, तिला ‘स्वयंसेवी ग्राहक संघटना’ म्हणता येणार नाही आणि त्या नात्याने तिला तक्रार दाखल करता येणार नाही, असा निर्णय झाला. माणसे आपखुशीने ग्राहकहितासाठी एकत्र येतात, त्या स्वेच्छेलाच कायद्याने हा अधिकार जोडला आहे.

न्यायालयीन लढे

हे अधिकार वापरणाऱ्या संस्थांनी कोणते बदल घडविले, याची काही उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. आयुर्विमा महामंडळाची एक स्वस्त मुदत विमा योजना केवळ सरकारी, निमसरकारी आणि नामांकित व्यापारी संस्थांतील नोकरदारांसाठी राखलेली होती. शेतकरी, कारागीर, छोटा दुकानदार यांना तिचा लाभ मिळत नव्हता. अहमदाबादच्या संस्थेने त्याला आव्हान दिले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविली. यात संस्थेच्या पदरात एक रुपयाही पडला नाही. पडावा अशी अपेक्षाही नव्हती.

१९८६ चा कायदा झाल्यावर अनेक राज्यांनी जिल्हा मंच स्थापन करण्यात दिरंगाई केली. तेव्हा ‘कॉमन कॉज’ सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मंच स्थापन करण्याविषयी राज्यांना आदेश मिळाले. म्हणजे ग्राहक न्यायालये सुरू व्हावीत यासाठीसुद्धा एका ग्राहक संघटनेला न्यायालयात जावे लागले. याच संस्थेच्या याचिकेवर जानेवारी १९९६ मध्ये रक्तपेढ्यांसंबंधीचा निर्णय आला. विनापरवाना रक्तपेढ्या आणि पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत बंद करण्याचे निर्देश त्यात होते. आज रुग्णालयात रक्ताची पिशवी घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना या याचिकेची कल्पनाही नसते.

तिसरे उदाहरण मुंबईचे आहे. वकील नसलेल्या प्रतिनिधीने ग्राहकाची बाजू मांडण्यास दक्षिण मुंबईच्या मंचात हरकत घेतली गेली. ती मान्य झाली असती तर हजार-दोन हजार रुपयांच्या तक्रारीसाठी प्रत्येकाला वकील करणे भाग पडले असते आणि संघटनांचे कार्यकर्ते मंचाच्या दाराबाहेर राहिले असते. २००२ मध्ये उच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिनिधीचा हक्क मान्य केला. त्यानंतर २०१४ मध्ये अशा प्रतिनिधींसाठी नियमावली तयार झाली.

दैनंदिन कार्य

तथापि संघटनेचे खरे बळ तिच्या रोजच्या कामात असते. आठवड्यातून दोन सायंकाळी एखाद्या शाळेच्या वर्गात वा सभागृहाच्या कोपऱ्यात टेबल मांडून कार्यकर्ता बसतो. समोर आलेल्या माणसाकडे पावती नसते, हमीपत्रावर विक्रेत्याचा शिक्का नसतो, विम्याचा दावा फेटाळल्याचे पत्र येऊन दीड वर्ष झालेले असते. कार्यकर्ता प्रथम त्याचे म्हणणे शांतपणे ऐकतो आणि घटनांचा तारीखवार क्रम लावतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते, हे तो बजावतो. मग नोंदणी टपालाने पाठविण्याच्या पत्राचा मसुदा करून देतो. संघटनेच्या नावाने गेलेल्या अशा पत्रानंतर पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात.

जी तक्रार निराधार असते ती कार्यकर्त्याने तेथल्या तेथे नाकारावी लागते. हे काम अप्रिय असले तरी आवश्यक आहे. ग्राहकाची प्रत्येक नाराजी म्हणजे सेवेतील त्रुटी नव्हे, हे सांगण्याचे धैर्य ज्या संघटनेत असते तिच्या पत्राला विक्रेतेही मान देतात. तडजोडीचेही तसेच आहे. ‘महारेरा’ने २०१८ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आणि विकासकांच्या संघटना यांच्या सहभागाने सलोखा मंच सुरू केले. घर घेणारा आणि विकासक यांच्यामध्ये दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी बसतात आणि मार्ग काढतात. अनेक वर्षांच्या निःस्वार्थ कामातून विश्वास कमावल्याखेरीज असे स्थान कोणत्याही संस्थेला मिळत नाही.

व्यापारी आणि ग्राहक

या चळवळीकडे व्यापारविरोधी म्हणून पाहण्याची चूक पुष्कळदा होते. वास्तविक भेसळीने पहिला बळी जातो तो प्रामाणिक व्यापाऱ्याचा. शुद्ध तेल विकणारा भेसळीच्या भावाशी स्पर्धा करू शकत नाही. शेवटी त्यालाही दुकान बंद करावे लागते किंवा शेजाऱ्याच्या मार्गाने जावे लागते. वजनमाप आणि दर्जा यांचे कायदे राबविले जातात तेव्हा अशा व्यापाऱ्याचेही रक्षण होते. शिवाय व्यापारीही घरच्या वापरासाठी औषध घेतो, विमा उतरवितो, सदनिका विकत घेतो. त्या वेळी तोही ग्राहकच असतो.

जैन परंपरेला हा विचार नवा नाही. अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे देताना कमी व घेताना अधिक मापणे, आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे अस्सल म्हणून नकली वा भेसळीचा माल देणे, यांची गणना आहे. आधुनिक वजनमापाचा आणि भेसळीचा कायदा जे दोष दंडनीय ठरवितो, ते श्रावकाच्या आचारसंहितेत पूर्वीपासून निषिद्ध मानले गेले आहेत.

उणिवा आणि आव्हाने

या कार्याच्या मर्यादा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कायद्यानुसार तक्रारीचा निकाल साधारणतः तीन महिन्यांत आणि वस्तूची चाचणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत लागावा अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात प्रकरणे वर्षानुवर्षे चालतात. अध्यक्ष व सदस्यांच्या जागा इतक्या रिक्त राहिल्या की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन त्या भरण्याचे आदेश राज्यांना दिले. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदा सल्लागार स्वरूपाच्या आहेत. त्यांच्या बैठकीत मांडलेल्या प्रश्नाचा पाठपुरावा न झाल्यास तो इतिवृत्तातच राहतो.

संघटनांच्या अंगच्या उणिवाही आहेत. कार्यकर्त्यांचे वय वाढत चालले आहे आणि त्यांची जागा घेणारे तरुण पुरेशा संख्येने येत नाहीत. फसवणुकीचे स्वरूप मात्र बदलले आहे. तराजूतील खोट डोळ्यांना दिसत असे, संगणकीय व्यवहारातील खोट दिसत नाही. चाचण्यांना पैसा लागतो. तो उद्योगांकडून घेतला तर निष्पक्षतेवर संशय येतो आणि सरकारकडून घेतला तर सरकारी सेवांविरुद्ध बोलताना जीभ अडखळण्याचा धोका असतो. ग्राहक कल्याण निधीची व्यवस्था १९९० च्या दशकाच्या आरंभी झाली. करापोटी ग्राहकांकडून अधिक वसूल झालेली आणि व्यापाऱ्याला परत देता न येणारी रक्कम त्यात जमा होते. तो ग्राहकांचाच पैसा असल्याने त्याचा विनियोग त्यांच्या हितासाठी होणे न्याय्य आहे. याखेरीज ग्राहकहिताच्या नावाने दुकानदारांना धमकावून पैसे उकळणाऱ्या नामधारी संघटनाही आढळतात. त्यांच्यामुळे खऱ्या कार्यकर्त्यांवर संशय येतो. पारदर्शक हिशेब, सभासदांची खुली नोंद आणि तक्रारदाराकडून मोबदला न घेण्याचा नियम हाच त्यावरचा उपाय आहे.

समाजसंस्थांचे कर्तव्य

अशा परिस्थितीत धर्मादाय न्यासांना मोलाचे काम करता येईल. त्यांच्याजवळ जागा आहे, समाजाचा विश्वास आहे आणि निवृत्त बँक अधिकारी, अभियंते, शिक्षक, औषधशास्त्रज्ञ, लेखापाल असे अनुभवी सभासद आहेत. आठवड्यातून एक सायंकाळ सभागृहातील एक खोली ग्राहक मार्गदर्शनासाठी खुली ठेवणे कठीण नाही. तेथे तक्रारींची नोंदवही ठेवावी. एकाच विक्रेत्याविरुद्ध वा एकाच प्रकारच्या फसवणुकीविरुद्ध पुनःपुन्हा येणाऱ्या तक्रारी एकत्र करून कलम १७ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवाव्यात. सणासुदीपूर्वी मिठाई, तेल व मसाल्यांचे नमुने तपासून घ्यावेत. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार खरेदीदाराला हा हक्क आहे. मात्र तपासणीचा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. नमुना सदोष निघाल्यास भरलेले शुल्क परत मिळते. जे वृद्ध वा अल्पशिक्षित ग्राहक संगणकावरून तक्रार नोंदवू शकत नाहीत, त्यांना तरुण सभासदांनी साहाय्य करावे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची माहिती सूचनाफलकावर कायम असावी.

संसदेने कायदे केले, न्यायालयांनी त्यांचा अर्थ लावला, शासनाने अधिकारी नेमले. परंतु २ रुपयांनी फसलेल्या ग्राहकाच्या वतीने कार्यालयाचा जिना चढून लेखी तक्रार देणारा कोणी नसेल, तर हे सारे कागदावरच राहते. संघटनांना मिळालेल्या अधिकारांपैकी पुष्कळ अद्याप क्वचितच वापरले गेले आहेत. ते वापरण्यासाठी आठवड्यातील दोन तास, एक नोंदवही आणि चिकाटी एवढे भांडवल प्रारंभी पुरेसे आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात अशा एका केंद्राचा आरंभ झाला तर त्याचा लाभ या वास्तूच्या परिसरातील प्रत्येक घराला मिळेल.